खिडकीपाशी नेऊन बघा : सेमी-हॉलो गिटारचं नक्षीदार मेपल निवडताना

माझी पहिली सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार मी फोटो बघून मागवली. फोटोत तिच्या अंगावर वाघासारखे पट्टे होते आणि रंग मधात बुडवून काढल्यासारखा. खोकं घरी आलं ते रात्री नऊला. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली उघडलं, तर समोर पोळपाट! फिकट, सपाट, पट्ट्यांचा पत्ताच नाही. विक्रेत्याला तक्रारीचा लांबलचक मेल लिहून काढला आणि झोप आली म्हणून तसाच ठेवून दिला. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं, मी गिटार उचलली आणि पट्टे इकडून तिकडे असे सरकले की हातातला चहा तसाच गार झाला. तो मेल कधी पाठवला नाही.

गिटार तीच होती, उजेड बदलला होता. मेपल या लाकडाची नक्षी उजेडावर चालते. तिच्यावर चढवलेला रंग आणि पॉलिश त्या उजेडाला वाट तरी देतात, नाहीतर अडवतात. पहिली सेमी-हॉलो घ्यायला निघालेल्यांना एकाच मॉडेलचे पाच रंग, त्यात 'प्लेन' आणि 'फिगर्ड', त्यात पुन्हा 'एएए' अशी यादी दिसते आणि डोकं गरगरतं. ही यादी कशी वाचायची ते खाली पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : पैसे कशाचे देताय ते आधी समजून घ्या

सेमी-हॉलो म्हणजे दोन्ही कडांना पोकळ आणि मधोमध, मानेच्या रेषेत, भरीव लाकडी ठोकळा. हा घाट रूढ केला गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या ईएस-३३५ ने, १९५८ साली. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यात ती बनली, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी होते. पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक गिटार मोठ्या आवाजात अँपसमोर धरली की शिट्ट्या मारते. मेपलचा मधला ठोकळा त्या शिट्ट्या बऱ्याच आटोक्यात आणतो. कडेच्या पोकळीमुळे आवाज मोकळाही राहतो. पुढे एपिफोन, आयबानेझ वगैरे कंपन्यांच्या सेमी-हॉलो आल्या, त्यांतल्या बहुतेक याच घाटाच्या.

या गिटारचं पोट (म्हणजे तारांखालची पुढची बाजू), पाठ आणि कडा प्लायच्या असतात. मेपलचा पापुद्रा, मध्ये पॉपलर, पुन्हा मेपल, असे थर सरस लावून साच्यात दाबतात आणि त्याला फुगीर आकार येतो. आपल्याकडे प्लाय म्हटलं की स्वस्तातलं कपाट आठवतं, म्हणून दुकानात हा शब्द टाळून 'लॅमिनेटेड' म्हणतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही. १९५८ ची मूळ ३३५ प्लायचीच होती. शिवाय उलटसुलट थरांमुळे प्लाय भरीव फळीइतकं फुगत-आक्रसत नाही, आणि मुंबईतल्या किंवा रत्नागिरीतल्या जुलैत हा मोठाच फायदा आहे.

आता हिशोब करा. ज्या नक्षीसाठी तुम्ही जादा पैसे मोजणार, ती सगळ्यांत वरच्या थरात आहे आणि तो थर जेमतेम मिलिमीटरभर जाड. स्वस्त गिटारांत तर त्याहूनही पातळ. घरच्या कपाटाला सागाचं व्हिनियर लावतात तसाच हा प्रकार. त्याने आवाजात फरक पडत नाही. कोणी 'फ्लेममुळे (म्हणजे या पट्ट्यांमुळे) टोन जरा ब्राइट येतो' म्हणालं तर हसून ऐकून घ्या आणि पुढचं विचारा. ब्लूजवाले बी. बी. किंग यांची गिटार 'ल्युसिल' बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती काळी कुळकुळीत. आत मेपलच आहे, बाहेरून दिसत मात्र काही नाही. म्हणून कोणाचं काही अडलं नाही.

म्हणजे ही खरेदी डोळ्यांसाठी आहे. त्यात वावगं काय? रोज हातात घ्यायची वस्तू सुंदर असावीच. फक्त बजेट ताणून नक्षी घेत असाल आणि त्यापायी हार्ड केसवर किंवा चांगल्या सेटअपवर काट मारत असाल, तर माझं मत साध्या मेपलच्या बाजूने पडेल. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नीट घासलेली साधी गिटार तुम्ही जास्त वाजवाल.

पायरी २ : नक्षीची जात ओळखा

व्हायोलिनची पाठ कधी निरखून पाहिली असेल तर फ्लेम मेपल तुम्ही आधीच पाहिलंय. पाठीवर जे आडवे, हलते पट्टे दिसतात तेच हे. इंग्रजीत तर या नक्षीचं एक नावच 'फिडलबॅक' आहे. लाकडाचे धागे सरळ वर न जाता लाटेसारखे वळत गेले की फळी कापताना काही ठिकाणी धागे पृष्ठभागावर आडवे पडून राहतात, काही ठिकाणी त्यांची टोकं वर येतात. आडवे धागे उजेड परत फेकतात, टोकं तो पिऊन टाकतात. तेल लावलेल्या कुरळ्या केसांवर चकाकी कशी तुटक तुटक पडते, तसंच. कोन बदलला की चकाकणारी जागा काळी पडते आणि काळी जागा चकाकते. धूपछांव पैठणी पदर हलवला की रंग बदलते. तिथे कारण वेगळं, दोन रंगांच्या ताण्या-बाण्याचं. पण डोळ्यांना मिळणारी गंमत साधारण तीच.

सेमी-हॉलोवर तुम्हाला दहापैकी नऊ वेळा ही फ्लेमच भेटेल. तिच्यातही स्वभाव असतात. काहींचे पट्टे बोटभर रुंद आणि सुटे सुटे, काहींचे कंगव्याच्या दातांसारखे बारीक. रुंद पट्टे दहा फुटांवरून, स्टेजवरून दिसतात. बारीक पट्टे मांडीवर गिटार घेतल्यावर जास्त आनंद देतात. पोटभर सारखे, अगदी रेषा मारल्यासारखे पट्टे मला स्वतःला थोडे वॉलपेपरसारखे वाटतात. कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एखादी वेडीवाकडी लाट असेल तर तेच पोट वर्षानुवर्षं बघवतं.

क्विल्ट म्हणजे गोधडीसारखे फुगे. ही नक्षी मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये सापडते. बर्ड्सआय म्हणजे बारीक ठिपके, तो शुगर मेपलचा गुण. दोन्ही सेमी-हॉलोवर कमी दिसतात. फुगीर पोटावर क्विल्ट जरा गिचमिड होतं असं माझं मत, पण ज्याची त्याची आवड.

आणि 'प्लेन' म्हणजे खराब नव्हे. जुन्या ३३५ कितीतरी साध्याच आहेत. त्यांच्यावर नीट पाहिलं तर ओंडका गोल फिरवून सोललेल्या पापुद्र्याच्या मोठ्या, डोंगररांगेसारख्या रेषा दिसतात. त्यालाही रूप आहे.

पायरी ३ : खरी की छापील ते तपासा

गिटार हातात धरा, उजेडाकडे तोंड करा आणि हळूहळू पुढेमागे कलवा. खऱ्या नक्षीचे पट्टे जागा बदलतात. छापील पट्टे फोटोसारखे जिथल्या तिथे बसून राहतात. ही एकच परीक्षा लक्षात ठेवली तरी पुरे.

छापील हा शब्द शब्दशः घ्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात फेंडरने जपानमध्ये बनवलेल्या काही गिटारांवर 'फोटो फ्लेम' नावाचं फिनिश होतं. साध्या लाकडावर नक्षीचा छाप, वर पारदर्शक थर. आजही अगदी स्वस्त गिटारांत असले प्रकार येतात. त्यात फसवणूक आहेच असं नाही, किमतीत ते धरलेलं असतं. पण तुम्ही व्हिनियरचे पैसे देऊन छाप घरी आणू नये, एवढंच.

दुसरी जागा म्हणजे एफ-होल, पोटावरच्या त्या दोन लांबट भोकांची कापलेली कड. मोबाइलचा टॉर्च लावून बघा. प्लायचे थर तिथे उघडे दिसतात आणि वरचा पापुद्रा किती जाड आहे तेही कळतं. काही गिटारांत ही कड काळ्या रंगाने रंगवलेली असते, मग काही कळत नाही. तेव्हा कलवून बघण्यावरच भागवा.

पायरी ४ : 'ए'च्या रांगेला किती भाव द्यायचा

फार नाही. एए, एएए, एएएए या खुणांना गिटारच्या दुनियेत कुठलंही सर्वमान्य माप नाही. प्रत्येक व्हिनियरवाला आणि प्रत्येक कंपनी आपापल्या नजरेने लावते. पीआरएस ही गिटार कंपनी जास्त चांगल्या पोटांना 'टेन टॉप' म्हणते, तीही तिच्या घरची मोजणी. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत तुलना करायला ही अक्षरं बरी. दोन कंपन्यांमध्ये त्यांचा उपयोग शून्य. मॉडेलच्या नावातली अक्षरं मात्र वाचा. आयबानेझच्या एएस९३एफएम मधलं 'एफएम' फ्लेम्ड मेपलचं आहे, आणि गिब्सनच्या ३३५ वर 'फिगर्ड' हा शब्द नसेल तर पट्ट्यांची अपेक्षा ठेवू नका. आले तर बोनस.

पायरी ५ : रंग निवडा, म्हणजे खरं तर नक्षीचा आवाज किती मोठा हवा ते ठरवा

बहुतेक जण इथे उलटं करतात. आधी रंग आवडतो, मग त्यात नक्षी शोधतात. मी सांगेन की आधी नक्षी किती दिसायला हवी ते ठरवा.

त्यासाठी रंग लाकडाला दिलाय की पॉलिशमध्ये मिसळलाय, हे बघायला शिका. मला ते शिकवलं आमच्या सोसायटीत फर्निचरला पॉलिश करायला येणाऱ्या एका मिस्त्रींनी. शेजाऱ्यांचा दरवाजा घासत होते. त्यांना माझ्या दोन गिटार दाखवल्या. त्यांनी हाताची धूळ पँटला पुसली, गिटार बल्बखाली धरली आणि एका डोळ्याने कडेकडून बघितली.

"साहेब, हिला रंग लाकडात पाजलाय," ते मधाळ रंगाच्या गिटारकडे बोट दाखवून म्हणाले. "बघा, टोकाच्या रेघांनी जास्त प्यायलाय, म्हणून पट्टे उठलेत. आणि ही लाल, हिला सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर, मारून मग वरून रंग उडवलाय. लाकूड खाली झोपलंय."

एवढ्यात सगळं आलं. धाग्यांची टोकं रंग जास्त पितात, म्हणून थेट लाकडात रंग मुरवला की पट्टे गडद होतात. काही ठिकाणी तर आधी काळा किंवा तपकिरी रंग पाजतात, घासून काढतात, फक्त टोकांत तो उरतो, आणि मग दुसरा रंग चढवतात. त्यातून ते ओरडणारे, थ्रीडी पट्टे येतात. उलट, रंग पारदर्शक थरात मिसळून वरून फवारला की नक्षी मऊ राहते आणि फक्त कलवल्यावर उठते. जुन्या धाटणीच्या गिटार साधारण या दुसऱ्या वाटेने जातात. मला ही दुसरी वाट आवडते. ओरडणारे पट्टे पहिल्या महिन्यात मोहवतात. नंतर असं वाटतं की कोणीतरी खोलीत सतत मोठ्याने बोलतंय.

आता रंगांकडे येऊ.

नॅचरल. यात काहीच लपत नाही. म्हणून चांगलं लाकूड यासाठी राखून ठेवायची जुनी रीत आहे. १९५८ मध्ये ३३५ दोन रंगांत आली, सनबर्स्ट आणि नॅचरल. नॅचरलला जास्त पैसे पडायचे. १९६० मध्ये ती यादीतून गेली, आणि तोवर बनल्या त्या दोनशेच्या आसपास. आज संग्राहक त्यांच्यामागे वेडे आहेत. नव्याने घेताना लक्षात ठेवा, नॅचरलमध्ये गाठी, काळ्या रेघा, मधल्या जोडाचा डाग, सगळं उघडं असतं. 'अँटिक नॅचरल' नावाचे रंग थोडा पिवळसर थर देऊन येतात. निव्वळ पांढुरक्या मेपलपेक्षा ते नक्षीला जास्त मानवतात.

सनबर्स्ट. मध्ये सोनेरी, कडेला तपकिरी किंवा काळं. कारखान्यासाठी हा सोयीचा रंग, कारण कडेचे जोड आणि डाग गडद भागात जातात. तुमच्यासाठीही सोयीचा, कारण नक्षी मधल्या उजळ भागात उठून दिसते आणि कडेला शांत होते. पहिल्यांदाच घेत असाल आणि काही सुचत नसेल तर सनबर्स्ट घ्या. पस्तावलेला माणूस मला भेटलेला नाही.

चेरी. पारदर्शक लाल, १९६० पासून ३३५ चा ओळखीचा रंग. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची १९६४ ची ३३५ याच रंगाची, आणि २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात ती साडेआठ लाख डॉलरच्या घरात गेली. चेरीत फ्लेम असेल तर ती जपून दिसते. लाल थर दाट असेल तर घरातल्या दिव्यात जवळजवळ दिसतच नाही. चेरीसाठी 'फिगर्ड'चे जादा पैसे देण्याआधी ती विशिष्ट गिटार डोळ्यांनी बघाच. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली लाल रंग विटकरी वाटतो, तेवढ्यावरून नाकारूही नका.

निळे, जांभळे, हिरवे, आणि त्यांचे बर्स्ट, म्हणजे कडेला गडद होत जाणारे प्रकार. यांत लाकडात रंग पाजण्याची पद्धत जास्त वापरली जाते, म्हणून नक्षी सगळ्यांत जोरात. स्टेजवर भारी दिसतात. पंधरा वर्षांनी कसे वाटतील ते तुमच्या वयावर अवलंबून.

एक जुना किस्सा यात बसतो. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सनच्या लेस पॉल या भरीव गिटारांवर चेरी सनबर्स्ट होता. त्यातला लाल रंग उजेडाने उडून जायचा. दुकानाच्या काचेत टांगलेल्या गिटार काही वर्षांत लालच्या मधाळ, लिंबाच्या, अगदी चहाच्या रंगाच्या झाल्या. गिब्सनने १९६० मध्ये टिकणारा लाल आणला. गंमत अशी की आज लोक तोच उडालेला रंग नव्या गिटारवर मुद्दाम फवारून मागतात. 'हनीबर्स्ट', 'आइस्ड टी', 'लेमन' असली नावं वाचलीत की समजा, हा एखाद्या उडालेल्या लाल रंगाचा वारसा आहे.

पायरी ६ : वरचा थर, नायट्रो की पॉली

आपल्याकडे फर्निचरवाले 'डुको' म्हणतात ना, तो मुळात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा ब्रँड. १९२०च्या दशकात मोटारींसाठी आला, झटपट सुकायचा म्हणून गाजला. त्याच जातीचं लॅकर गिटारवाल्यांनी उचललं. गिब्सन आजही तेच वापरते. बोलीभाषेत नायट्रो.

नायट्रोचा थर पातळ असतो आणि नक्षीवर तो काच ठेवल्यासारखा न दिसता लाकडाच्या कातडीसारखा दिसतो. वर्षं जातात तसा पिवळा पडतो. नॅचरल आणि सनबर्स्टवर तो पिवळेपणा खुलतो, पांढऱ्याचा सायीचा रंग होतो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते शाळेतल्या रंगपेटीवरून आठवा. हिरवं. निळी गिटार कायम निळी हवी असेल तर नायट्रो घेऊ नका.

पॉली, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन, जाड आणि टणक असतं. एपिफोन, आयबानेझ आणि मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारांवर हेच. ओरखडे कमी पडतात, घामाने चिकट होत नाही. पण ठोका बसला तर काचेसारखा टवका उडतो. थर फार जाड असेल तर नक्षी जणू मत्स्यालयात ठेवल्यासारखी दिसते. चांगल्या कारखान्यांनी अलीकडे तो बराच पातळ केलाय.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, रोज घामाच्या हाताने वाजवत असाल आणि जपणूक हा तुमचा पिंड नसेल, तर पॉली घ्या. मनाला लावून घेऊ नका. नायट्रोचं कौतुक पुष्कळ ऐकू येईल, त्याचे हट्ट कोणी सांगत नाही. माझाच अनुभव सांगतो. नायट्रोची गिटार मी एका साध्या स्टँडवर ठेवली होती, रबरी आधार असलेल्या. उन्हाळ्याचे तीन आठवडे. उचलली तेव्हा मानेमागचं पॉलिश रबराला चिकटून आलं आणि लाकडावर बोटाएवढा मऊ, सुरकुतलेला डाग राहिला. रबरातली आणि फोममधली द्रव्यं नायट्रोला विरघळवतात. तेव्हापासून माझ्या स्टँडला जुन्या सुती धोतराचं फडकं गुंडाळलेलं आहे. दिसायला गबाळं, पण काम चोख. खांद्याला अडकवायच्या चामड्याच्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनीही असे डाग पडू शकतात, म्हणून वाजवून झालं की पट्टा गिटारवर लोळवून ठेवू नये.

ज्यांना जुनी गिटार घेऊन स्वतः पॉलिश करून घ्यायची हौस आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य : पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेतलं पाणी थरात अडकतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा, तो गणपतीनंतरची तारीख देईल.

पायरी ७ : दुकानात आणि ऑनलाइन

दुकानात असाल तर तिथल्या स्पॉटलाइटवर विश्वास ठेवू नका. वरून पडणारा एकच तीव्र दिवा कुठल्याही फ्लेमला नाचवतो, आणि ट्यूबलाइटचा पसरलेला उजेड चांगल्या फ्लेमला मारून टाकतो. गिटार खिडकीपाशी किंवा दारापाशी नेऊ का, असं सरळ विचारा. मुंबईत धोबी तलावाला असा किंवा पणजीत, कोणीही समजूतदार दुकानदार हो म्हणेल. तिथे हे बघा :

उभी धरून पोट, मग कलवून पोट. मग पाठ. पाठीकडे लोक बघतच नाहीत, आणि काही मॉडेलमध्ये नक्षी फक्त पुढे असते, मागे साधं मेपल. पोट दोन तुकड्यांचं असेल तर मधल्या रेषेवर दोन्हीकडचे पट्टे एकमेकांना भेटतात का, आरशातल्यासारखे? थोडं इकडेतिकडे चालतं, पण एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं असेल तर ते रोज खटकेल. खरी नक्षी असूनही एका बाजूचे पट्टे उजळ आणि दुसरीचे गडद दिसत असतील तर घाबरू नका. दोन्हीकडे धागे उलट दिशेने झुकलेले असतात. कलवलीत की दोघांची अदलाबदल होईल. शेवटी बाइंडिंग, म्हणजे कडेची सायीच्या रंगाची पट्टी. तिच्यावर रंग सांडलाय का, ती लाकडापासून सुटतेय का. तिथली चूक कारखान्याच्या घाईची खूण असते.

मग पाच मिनिटं नक्षी विसरा आणि गिटार वाजवा. बसून आणि उभं राहून. सोळा इंच रुंदीचं पोट आणि साडेतीन-चार किलो वजन खांद्याला झेपतंय का, तेही बघा.

ऑनलाइन घेताना कंपनीचा फोटो फक्त रंगाचं नाव कळण्यापुरता. प्रत्येक झाडाची लाट वेगळी, त्यामुळे तुम्हाला येणारी गिटार फोटोतली नसेलच. विक्रेत्याला लिहा की त्याच सिरियल नंबरच्या गिटारचे फोटो हवेत, पुढून आणि मागून, आणि खिडकीपाशी कलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ हवा. पाठवला तर उत्तम. 'सगळ्या सारख्याच असतात सर' असं उत्तर आलं तर परत पाठवण्याची सोय असेल तरच पुढे जा.

पायरी ८ : घरी आल्यावर

उजेडात निवडलेली गिटार उजेडात ठेवू नका, लाल रंगाचा किस्सा आठवा. भिंतीवर टांगायची हौस असेल तर खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर आठवड्याला केस उघडून हवा. अस्तरावर बुरशी धरते ती आधी वासाने कळते. पुसायला कोरडं मऊ सुती कापड. मोटारीचं पॉलिश, फर्निचरचा स्प्रे, आजीच्या सल्ल्याचं खोबरेल, काही नको.

आणि खोकं. भाचा अमेरिकेतून येताना गिटार घेऊन आला किंवा कुरिअरने आली, तर लगेच उघडायचा मोह आवरा. विमानाच्या गारठलेल्या पोटातून निघालेला नायट्रोचा थर एकदम गरम हवेत आला की त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. खोकं घरात तसंच बंद राहू द्या, रात्रभर. सकाळी खिडकीत ऊन आलं की उघडा. चहा आधी पिऊन घ्या.